रुग्णालयात चूक झाली, तर उत्तर कोणी द्यायचं?

संचालक मंडळ, नीतिविषयक समिती, मानांकन हे शब्द आज रुग्णालयाच्या कारभारात रोजचे झाले आहेत. शंभर वर्षांपूर्वी रुग्णालय म्हणजे बहुतेक दानशूरांनी उभारलेली संस्था असे. खाटा, औषधं आणि शुश्रूषा पुरवली की तिचं काम संपलं. उपचार ही डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातली बाब. मँचेस्टरच्या थॉमस पर्सिव्हल यांनी 1803 साली वैद्यकीय नीतीची नियमावली प्रसिद्ध केली, तिच्यातही डॉक्टरांनी एकमेकांशी कसं वागावं यावर बराच भर होता.

1914 च्या न्यूयॉर्कमधल्या एका निकालात ही समजूत स्पष्ट दिसते. एका रुग्ण स्त्रीने भूल देऊन फक्त तपासणी करायला होकार दिला होता, शस्त्रक्रियेला नाही. तरीही तिची गाठ काढली गेली. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी म्हटलं की, आपल्या शरीराचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक सज्ञान माणसाला आहे. रुग्णाच्या संमतीविषयी बोलताना हे वाक्य आजही उद्धृत होतं. त्याच निकालाने रुग्णालयाला मात्र जबाबदारीतून मोकळं केलं, हे फारसं सांगितलं जात नाही. संस्था धर्मादाय आणि डॉक्टर स्वतंत्र, असा तो युक्तिवाद होता. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो मोडीत काढला 1957 मध्ये.

1914 च्याच सुमारास बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन सांगत होते की प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं ते रुग्णालयाने तपासावं आणि जाहीर करावं. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या 337 रुग्णांच्या उपचारांत झालेल्या 123 चुका त्यांनी छापून प्रसिद्ध केल्या. व्यवसायबंधूंनी त्यांना दूर लोटलं. तरी त्यांच्या आग्रहातूनच अमेरिकेतल्या शल्यविशारदांच्या संघटनेने रुग्णालयांसाठी किमान निकष ठरवले: नीट केस पेपर, प्रयोगशाळा, कट प्रॅक्टिसला (रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्या-देण्याला) बंदी. 1918 मध्ये 692 रुग्णालयं तपासली, निकषांना उतरली फक्त 89. नापासांत नामवंत रुग्णालयंही होती, म्हणून यादी एका हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली. रुग्णांच्या हक्काची माहिती संस्थांची अब्रू राखण्यासाठी नष्ट झाली, आणि मला हा या इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा प्रसंग वाटतो.

कायद्याने खरी कूस बदलली 1965 मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात. फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या 18 वर्षांच्या मुलाला घातलेलं प्लास्टर घट्ट होतं. बोटं सुजली, काळवंडली, पण वेळेत कोणी वरपर्यंत कळवलं नाही. शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. रुग्णालयाची स्वतःची नियमावली आणि मानांकनाचे निकष न्यायालयाने पुरावा म्हणून मान्य केले. उपचारांवर देखरेख ठेवणं हे रुग्णालयाचंही कर्तव्य ठरलं.

व्यवस्थापकाच्या खुर्चीपर्यंत हे कर्तव्य पोहोचलं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये. तिथे लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यूंचं प्रमाण जास्त होतं. भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन आकडे घेऊन वारंवार वरिष्ठांकडे गेले. मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन रॉयलन्स स्वतः डॉक्टर होते, पण वैद्यकीय निर्णयांत प्रशासनाने पडू नये अशी त्यांची भूमिका होती. 1998 मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने दोषी शल्यविशारदांबरोबर रॉयलन्स यांनाही दोषी धरून त्यांची नोंदणी रद्द केली. स्वतः शस्त्र हाती न घेतलेला प्रशासकही आता मृत्यूंबद्दल उत्तरदायी होता. 2001 च्या चौकशी अहवालानुसार 1991 ते 1995 या काळात एक वर्षाखालची 30 ते 35 मुलं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली होती. दरम्यान 1999 च्या कायद्याने उपचारांच्या गुणवत्तेची जबाबदारी थेट संस्थेवर टाकली होती.

एवढं होऊनही इंग्लंडमध्येच मिड स्टॅफर्डशर इथल्या रुग्णालयाचं प्रकरण घडलं. 2005 ते 2009 दरम्यान तिथल्या रुग्णांची भयंकर हेळसांड झाली आणि मंडळाचं लक्ष पैशांच्या मेळावर आणि ‘फाउंडेशन ट्रस्ट’ हा जास्त स्वायत्तता देणारा दर्जा मिळवण्यावर होतं. या प्रकरणाची चौकशी करणारे रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या 2013 च्या अहवालात 290 शिफारशी आहेत. त्यानंतर, 2014 मध्ये, इंग्लंडमध्ये दोन गोष्टी कायद्याने सक्तीच्या झाल्या: उपचारात गंभीर इजा झाली तर ती रुग्णाला किंवा नातेवाइकांना सांगून माफी मागणं, आणि संचालकपदावर बसणाऱ्याची त्या पदासाठीची पात्रता व सचोटी पडताळून पाहणं.