सुट्टीत लपवलेल्या डब्याचा धनी कोण? जिओकॅशिंगमधल्या एका नियमाची पार्श्वभूमी

दिवाळी, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आणि उन्हाळ्याची सुट्टी या तीन वेळांना पुण्या-मुंबईला किंवा त्याहून लांब गेलेले सोलापूरकर गावाकडे येतात. त्यांच्यातल्या ज्यांना जिओकॅशिंगचा नाद आहे, त्यांना साहजिकच वाटते की एखादा डबा आपल्या गावातही लपवावा. मात्र खेळाच्या संकेतस्थळावर त्याची नोंद करायला गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो असा, की तुम्ही राहता दुसरीकडे, मग या डब्याकडे बघणार कोण? ज्या गावात वाढलो तिथेच आपल्याला पाहुणा ठरवले, असे वाटून अनेकजण यावर दुखावतात. पण डब्याकडे बघणारा माणूस जवळ हवा, हा नियम कुणाच्या लहरीतून आलेला नाही, हे त्याच्यामागचा इतिहास पाहिला की लक्षात येते.

जिओकॅशिंग म्हणजे उपग्रहांच्या मदतीने खेळला जाणारा खजिनाशोध. एकाने पाणी न शिरणारा डबा लपवायचा, त्यात एक छोटी वही ठेवायची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि दुसऱ्यांनी ते मोबाइलमध्ये किंवा जीपीएस यंत्रात घालून डबा शोधायचा, वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसाच ठेवून परत यायचे. आतली एखादी वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची. यातल्या ‘कॅश’ शब्दाचा रोकडीशी काही संबंध नाही. लपवून ठेवलेला साठा या अर्थाचा तो मूळचा फ्रेंच शब्द आहे.

या खेळाचा पूर्वज उपग्रहांच्या शंभर वर्षे आधीचा आहे आणि सुट्टीच्या प्रश्नाचे मूळही तिथेच सापडते. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या ओसाड पठारावर पर्यटकांना वाट दाखवणाऱ्या जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमियर पूल या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. पायपीट करून तिथवर पोहोचलेल्यांनी आपले कार्ड तिच्यात टाकायचे. पुढे लोक पत्ता लिहिलेली कार्डे ठेवू लागले आणि नंतर येणारा ती टपालात टाकू लागला. ‘लेटरबॉक्सिंग’ या नावाने ही प्रथा डार्टमूरवर आजही चालू आहे. मला यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते, की कार्डे टाकणारे बाहेरचे होते, पण बाटली ठेवणारा माणूस त्याच मुलखातला होता आणि त्या वाटेवर त्याचे सतत जाणे-येणे होते.

आधुनिक खेळाची सुरुवात एका सरकारी निर्णयाने झाली. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशात लष्करी कारणासाठी मुद्दाम चूक मिसळली जात असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंत फरक पडे. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभा असलेला माणूस त्या काळच्या यंत्रावर थेट पाण्यात दिसला असता. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने १ मे २००० च्या मध्यरात्री ही मिसळ बंद झाली आणि चूक वीस मीटरच्या आत आली. जिओकॅशिंगमध्ये अक्षांश-रेखांश मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहितात; अक्षांशाचा तो हजारावा भाग जमिनीवर सुमारे १.८५ मीटर भरतो. डबा कोणत्या झाडापाशी आहे हे आकड्यांत सांगणे त्यानंतरच शक्य झाले.

लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवरच्या एका चर्चागटात जाहीर केला. बादलीत वही, पेन्सिल, पुस्तके, गलोल आणि घेवड्याचा एक डबाबंद कॅन होता. माइक टीग यांनी ती सर्वांत आधी शोधली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवले आणि २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा जगभरात माहीत असलेले डबे अवघे ७५ होते. पुढे सतरा वर्षांत ही संख्या तीस लाखांवर गेली.

संख्या वाढत होती त्या सुरुवातीच्या काळात फिरायला गेलेल्या माणसांनी जिथे आवडले तिथे डबे ठेवले. समुद्रकिनारा, घाटमाथा, एखाद्या हॉटेलमागची टेकडी, काही वर्ज्य नव्हते. पण सुट्टी संपली की मालक घरी गेला आणि डबा मागे राहिला. झाकण फुटले, वही भिजली, डबाच नाहीसा झाला, तरी नोंद तशीच राहिली. लोक लांबून येऊन हात हलवत परत जाऊ लागले, आणि जो डबा सापडे तो अनेकदा कचरा झालेला असे. यावरूनच नियम घट्ट झाला. मालकाला डब्याची देखभाल करता आली पाहिजे, तक्रार आल्यास वेळेत पोहोचता आले पाहिजे, आणि दूरच्या ठिकाणी डबा ठेवायचा असेल तर तिथल्या एखाद्या माणसाने ही जबाबदारी संमतीने घेतल्याचे नोंद तपासणाऱ्या स्वयंसेवकाला कळवले पाहिजे. अपवाद अगदी विरळा. खासगी प्रवासी म्हणून अवकाशात गेलेल्या रिचर्ड गॅरियट यांनी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातला एक कप्पा जिओकॅश म्हणून नोंदवला. सुट्टीतल्या डब्याचे याहून लांबचे उदाहरण नाही.

देखभाल म्हणजे नेमके काय, हे मी जवळून पाहिले आहे. माझा पुतण्या पुण्याला नोकरीला असतो. दिवाळीत आला असताना त्याने हिप्परगा तलावाच्या बाजूला आमच्याच शेताच्या बांधावर, बाभळीच्या बुंध्याशी, चारही बाजूंनी कड्या लागणारा प्लॅस्टिकचा डबा दगडांआड ठेवला. नोंद पुढे करू म्हणाला आणि गेला. आमच्याकडच्या मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या वर जातो. त्या उन्हाने झाकण एका कोपऱ्यात किंचित उचलले गेले होते, हे मला पावसाळ्यानंतर डबा उघडला तेव्हा कळले. वहीची पाने एकमेकांना चिकटून लगदा झाली होती आणि तळाशी मुंग्यांनी माती भरली होती. पेन्सिल तेवढी शाबूत होती. ती पाने हातात आल्यावर मला खरोखर वाईट वाटले, कारण डबा माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होता आणि त्याचा मालक अडीचशे किलोमीटरवर. नंतर नोंद करताना पुतण्याने देखभालीसाठी माझे नाव दिले.

आपल्याकडे या नियमाला आणखी एक बाजू आहे. सोलापूर स्टेशनवर आणि एसटी स्टँडवर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही सूचना कायम कानावर पडते, आणि गड्ड्याच्या गर्दीत कोपऱ्यात ठेवलेला डबा दिसला तर पोलिसांना कळवणे हेच योग्य आहे. इंग्लंडमधल्या वेदर्बी गावात २०११ साली कॅफेबाहेर लपवलेल्या अशाच एका डब्याला बॉम्ब समजून पथकाने स्फोट घडवून नष्ट केले होते. म्हणून डब्यावर बाहेरून ओळख लिहावी, जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी आणि गर्दीची ठिकाणे टाळावीत, असे सांगितले जाते. सुट्टीवर आलेल्या माणसाकडे परवानगीसाठी हेलपाटे घालायला वेळ नसतो, आणि अडचण नेमकी तिथेच होते.

काही जागा तर परवानगीचा विचारही न करता सोडून द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे. त्याच्या दगडांच्या फटीत डबा खुपसणे आणि शोधणाऱ्यांना त्या फटी चाचपायला लावणे म्हणजे वास्तूची हानी. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. माळढोक उघड्या जमिनीवरच अंडे घालतो, आणि तिथल्या गवतात डबा शोधत फिरणारी पावले त्या पक्ष्याला परवडणारी नाहीत.

डबा न ठेवताही खेळता येते, हे या इतिहासातले पुढचे पाऊल. नुसत्या जागेवर आधारलेल्या ‘व्हर्च्युअल’ प्रकाराच्या नव्या नोंदी २००५ मध्ये थांबल्या, आणि २०१७ पासून निवडक लोकांनाच त्या करू दिल्या गेल्या. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्थकॅश’ प्रकारात डबा नसतो. तिथल्या भूरचनेवरच्या प्रश्नांची उत्तरे मालकाला पाठवायची असतात. आपल्या पायाखालच्या काळ्या बेसाल्टसाठी हा प्रकार चांगला आहे. मात्र उत्तरे तपासणारा मालक इथेही लागतोच.

तिसरी वाट टप्प्याटप्प्याच्या डब्याची. यात पहिल्या जागी फक्त वाचायचे असते आणि त्यावरून शेवटच्या डब्याचे आकडे काढायचे असतात. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलच्या मंदिरात तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला, आणि जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. येत्या संक्रांतीला पुतण्या येईल तेव्हा त्या तुळईवरचा शक वाचून आकडेमोड करायची, असा पहिला टप्पा आम्ही दोघांनी ठरवला आहे. मंदिरात काहीही ठेवायचे नाही. डबा आमच्या बांधावर राहील, नव्या झाकणाचा, आणि पावसाळ्याआधी एकदा व नंतर एकदा तो मी उघडून पाहीन.