एकोणतीसचा आकडा आला कुठून?

५ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुंबईच्या आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि एकनाथ शिंदे व अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्या दिवशीच्या बातम्यांत एक गोष्ट फारशी आली नाही. हे तिघेही कधी ना कधी याच विधानसभेचे विरोधी पक्षनेते होते. शिंदे २०१४ मध्ये जेमतेम तीन-चार आठवडे, फडणवीस २०१९ ते २०२२ आणि अजित पवार २०२२-२३ मध्ये. ज्या खुर्चीवरून तिघांनी सरकारला धारेवर धरले, ती खुर्ची पंधराव्या विधानसभेत मात्र पहिल्या दिवसापासून रिकामी आहे. ती का रिकामी राहिली हे समजून घ्यायचे तर साठ-सत्तर वर्षे मागे जावे लागते.

आधी सभागृहाचे चित्र पाहू. २८८ जागांपैकी भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, म्हणजे महायुतीचे तीन मुख्य पक्षच २३० वर पोचले. समोर उद्धव ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. समाजवादी पक्षाचे दोन, मार्क्सवादी कम्युनिस्ट आणि शेतकरी कामगार पक्षाचे एकेक धरूनही आघाडी पन्नासच्या पुढे जात नाही. महिला आमदार २१ आल्या, आधीच्या सभागृहापेक्षाही कमी. हे अपयश सगळ्याच पक्षांचे आहे.

निकालानंतर दुसऱ्याच दिवसापासून एक आकडा सगळ्यांच्या तोंडी होता, तो म्हणजे २९. एकूण सदस्यांच्या एक दशांश संख्या कोणत्याही एका विरोधी पक्षाकडे नाही, म्हणून विरोधी पक्षनेता नाही, असे सांगितले जाऊ लागले. हा एक दशांश आला तो लोकसभेतून. पहिले लोकसभा अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावच्या घराण्यातले. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्षही तेच झाले होते. लोकसभेत एखाद्या गटाला ‘पक्ष’ म्हणून मान्यता देताना त्याची संख्या निदान गणपूर्तीइतकी, म्हणजे एक दशांश असावी, असा दंडक त्यांनी घातला. सभागृहातल्या जागा, बोलायचा वेळ, खोल्या यांच्या वाटपासाठी तो होता. विरोधी पक्षनेतेपदासाठी तोच दंडक पुढे वापरात आला आणि २०१४ मध्ये ४४ खासदारांच्या काँग्रेसला ते पद नाकारले गेले. तेव्हा अध्यक्षपदी होत्या चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन.

महाराष्ट्राची परंपरा मात्र वेगळी आहे आणि ती विसरली जाते याचे मला खरोखर वाईट वाटते. १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या होत्या. शेतकरी कामगार पक्षाला मिळाल्या १५. एक दशांशाचा हिशेब लावला तर त्यांना २७ लागले असते. तरी शेकापचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. १९६७ मध्ये शेकाप २७० पैकी १९ वर होता, तेव्हाही धुळपच. १९७२ मध्ये तर काँग्रेसने २२२ जागा जिंकल्या आणि शेकापकडे उरले फक्त सात आमदार. त्या सात जणांच्या पक्षाचे दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते झाले. नवी मुंबईच्या विमानतळाला ज्यांचे नाव द्यावे म्हणून आगरी-कोळी भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, तेच हे दि. बा. दुष्काळाची ती वर्षे होती. राक्षसी बहुमत असलेल्या सत्ताधाऱ्यांनी सात जणांच्या नेत्याला ते पद नाकारले नाही.

१९८५ चे सभागृह याहून बोलके आहे. शरद पवारांची समाजवादी काँग्रेस ५४ आमदारांसह विरोधात होती. १९८६ च्या अखेरीस ती काँग्रेसमध्ये विलीन झाली आणि मागे उरले जनता पक्षाचे २०, भाजपचे १६, शेकापचे १३. एकालाही २९ गाठता येत नव्हते. तरी निहाल अहमद, दत्ता पाटील, मृणाल गोरे यांनी आळीपाळीने ते पद सांभाळले.

कायदा काय म्हणतो? विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांचा राज्याचा कायदा १९७८ चा. त्यानुसार संख्येने सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता म्हणजे विरोधी पक्षनेता. त्यात एक दशांश नाही. म्हणजे प्रश्न शेवटी येतो तो अध्यक्षांच्या मान्यतेवर. दिल्लीत २०१५ मध्ये भाजपचे ७० पैकी तीनच आमदार होते, तरी तिथल्या अध्यक्षांनी विजेंदर गुप्ता यांना मान्यता दिली होती.

हे पद म्हणजे सरकारी गाडी आणि बंगला एवढेच नाही. दर्जा कॅबिनेट मंत्र्याचा असतो, पण खरे मोल आहे ते बोलण्याच्या हक्काचे. हातात कागद घेऊन विरोधी पक्षनेता उभा राहिला की अध्यक्ष त्याला थांबवायला सहसा धजत नाहीत, मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, अधिकारी गॅलरीत सावध होऊन बसतात. अधिवेशनाच्या शेवटी विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव येतो, तेव्हा कायदा-सुव्यवस्थेपासून कापसाच्या भावापर्यंत सगळ्याचा झाडा घेणारे भाषण त्याचेच असते. १९९१ ते ९५ मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी याच खुर्चीवरून शरद पवारांच्या सरकारविरुद्ध रान उठवले आणि १९९५ मध्ये सत्तांतर झाले.

या खुर्चीची पत घसरली ती विरोधकांमुळेही, हे नाकारून चालणार नाही. नारायण राणे २००५ मध्ये शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले आणि मंत्री झाले. राधाकृष्ण विखे पाटील यांनी २०१९ मध्ये तेच केले, फक्त पक्ष दुसरा. २ जुलै २०२३ ला अजित पवार विरोधी पक्षनेतेपदावरून थेट उपमुख्यमंत्रिपदावर गेले. शिंदे यांचेही २०१४ मध्ये तसेच झाले, त्यांचा पक्षच सत्तेत सामील झाला. ज्याने सरकारचे वाभाडे काढायचे तोच उद्या मंत्रिमंडळात बसणार असेल, तर त्या पदासाठी लोकांनी का भांडावे?

मान्यता ज्यांच्या हाती, ते अध्यक्षपद या वेळी पुन्हा कुलाब्याचे राहुल नार्वेकर यांच्याकडे आले. वडाळ्याचे कालिदास कोळंबकर हंगामी अध्यक्ष होते. आघाडीच्या आमदारांनी मतदान यंत्रांच्या निषेधार्थ पहिल्या दिवशी शपथ घेतली नाही, दुसऱ्या दिवशी घेतली आणि ९ डिसेंबरला नार्वेकरांची निवड बिनविरोध झाली. सलग दुसऱ्यांदा अध्यक्ष होण्याचा मान त्यांच्याआधी फक्त बाळासाहेब भारदे यांना मिळाला होता, १९६२ ते १९७२. म्हणजे पंधरा आणि एकोणीस आमदारांच्या पक्षाचा विरोधी पक्षनेता ज्या सभागृहात बसला, त्याचे अध्यक्ष भारदेच होते.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ठाकरे यांच्या पक्षाने गुहागरचे भास्कर जाधव यांचे नाव दिले. निर्णय झाला नाही. पावसाळी अधिवेशन तसेच गेले. ऑगस्टमध्ये विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत संपली आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांत ती जागा रिकामी होती.

माहिती अधिकार कायदा करणाऱ्यांनी २००५ मध्येच ही वेळ ओळखली होती. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता असतो, आणि विरोधी पक्षनेत्याला मान्यता मिळालेली नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता तो समजावा, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. शेकापचे आज सभागृहात एकच आमदार आहेत, सांगोल्याचे डॉ. बाबासाहेब देशमुख. त्यांचे आजोबा गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा निवडून आले, आणि दि. बां.नंतर विरोधी पक्षनेते झाले ते गणपतरावच.