पुतळी (व्हेनिसचा डकट)

व्हेनिस प्रजासत्ताकाचे सोन्याचे नाणे. दोजे म्हणजे निवडून आलेला राज्यप्रमुख. जोव्हान्नी दांदोलो या दोजेच्या कारकिर्दीत १२८४ साली ते पाडण्याचे ठरले. फ्लोरेन्सचा फ्लोरिन १२५२ पासून चालत होता, त्याच्याशी बरोबरी साधायची होती. वजन सुमारे ३.५ ग्रॅम, व्यास २० मिलिमीटरच्या आसपास, सोने जवळजवळ २४ कॅरटचे. १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडाले, तोवर वजन, कस आणि चित्र फारसे बदलले नाही. परक्या बंदरातही सराफ हे नाणे बिनघोर घेत, ते यामुळेच.

एका बाजूला संत मार्क उभा असून गुडघे टेकलेल्या दोजेच्या हाती ध्वजदंड देतो. दंडालगत उभ्या ओळीत ‘दुक्स’ हे पद आणि कडेला दोजेचे नाव. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेल्या लंबगोलात ख्रिस्त, भोवती लॅटिन प्रार्थना: ‘ख्रिस्ता, तू ज्यावर सत्ता चालवतोस ते हे राज्य तुला अर्पण असो.’

मसाल्याच्या व्यापारातून ही नाणी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. मराठी मुलखात त्यांना पुतळी म्हणत, आणि पुतळ्यांची माळ त्यांच्यावरूनच आली. आजच्या माळेतील पुतळ्या मात्र पातळ पत्र्यावर ठसा उमटवलेल्या असतात, त्यावर बहुधा लक्ष्मी किंवा राम-सीता असते.

जुनी पुतळी पारखताना चित्राआधी अक्षरे वाचावीत. पूर्वेकडे या नाण्याच्या असंख्य नकला झाल्या. लॅटिन न येणाऱ्या कारागिरांनी अक्षरे नुसती रेघांसारखी उतरवली. दोजेचे नाव लागत नसेल, तर नाणे बहुधा नक्कल समजावे. नक्कल हलक्या सोन्याचीच असते असे मात्र नाही, त्यामुळे कस वेगळा तपासावा लागतो. ३.४९ ग्रॅमचे अस्सल नाणे दोऱ्याने पाण्यात लोंबते ठेवून तोलले तर वजन सुमारे ०.१८ ग्रॅमने घटते. २२ कॅरटचे असेल तर ०.२० ग्रॅमने. फरक इतका सूक्ष्म, की एक मिलिग्रॅम दाखवणारा काटाच हवा. डाग देऊन कडी बसवलेल्या नाण्यावर ही कसोटी फसते, कारण डागात हलका धातू मिसळलेला असतो. शुद्ध सोने मऊ असल्याने वाकलेली कड किंवा झिजलेला चेहरा हा दोष नव्हे. पण कड कातरलेली असेल तर वजन कमी भरते. लकाकीसाठी नाणे घासू नये, उठाव जातो आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही उतरते.