भेगा बुजवू नका, होडी भिजवा

मामेभावाने फोटो पाठवला. आजोबांची छोटी होडी पाच वर्षं पडवीत पालथी पडलेली, फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचं अंगण दिसतंय. खाली प्रश्न : "दादा, इपॉक्सी किती किलो आणू?" व्हिडिओंत तसंच दाखवतात, कोरड्या भेगेत इपॉक्सी (सुकल्यावर टणक होणारं चिकटद्रव्य) ओता, वर रंग मारा. मी कळवलं, "काही आणू नकोस. जुनी गोणपाटं आहेत का बघ."

पावसाळ्यात दार चौकटीत घट्ट का बसतं? तेच इथे. लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची मोळी. नळीच्या भिंतीत सेल्युलोजचे लांबच लांब रेणू असतात. त्यांच्यावरचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधाने, म्हणजे रेणूंमधल्या हलक्या ओढीने, धरतात. पाणी मध्ये शिरतं, सेल्युलोजचे धागे बाजूला सरकतात, भिंत फुगते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी भिंतींत मावतं. त्यापुढचं नळ्यांच्या पोकळीत साठतं, त्याने वजन वाढतं, आकार नाही. धागे बहुतेक फळीच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे लांबी जवळपास तेवढीच राहते, रुंदी वाढते. तीही सगळीकडे सारखी नाही : साग पूर्ण वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे जेमतेम अडीच, कारण त्या दिशेने पसरलेल्या आडव्या पेशी (किरणपेशी) त्याला आवळून धरतात. म्हणून २० सेंटीमीटर रुंदीची फळी, कशी कापली आहे त्यानुसार, १२ टक्के ओलाव्यापासून ३० टक्क्यांपर्यंत जाताना ३ ते ७ मिलिमीटर फुगते.

आता समजा भेगेत टणक इपॉक्सी आहे. फळीने फुगायचं कुठे? कडेचे तंतू चिरडतात, खिळे ढिले होतात. पुन्हा वाळल्यावर फळी आधीपेक्षा अरुंद आणि भेग आधीपेक्षा मोठी! जुने कारागीर सांध्यात कापूस ठोकून वर लुकण (पुट्टी) भरत, ते याचसाठी. कापूस दबतो.

(हे फळ्या जोडलेल्या होडीचं. एकाच खोडातून कोरलेलीची तऱ्हा वेगळी.)

तर भावाला सांगितलं, होडी सावलीत ठेव, आत गोणपाटं अंथर, आठवडाभर ओली ठेव. खारं पाणी मिळालं तर उत्तम, त्यात कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. मामा नाळेला (होडीच्या पुढच्या टोकाला) लिंबू-मिरची बांधणार आहेत म्हणे. बांधोत, फक्त लोखंडी खिळ्याला नको, लिंबाच्या आम्लाने तो गंजेल.

पहिल्या दिवशी ओतलेली बादली तासाभरात अंगणात आली. परवाच्या फोटोत मात्र अंगण दिसत नाही. नाळेजवळची एक भेग तेवढी तशीच आहे. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ आत गेला, म्हणजे लाकूड कुजलंय. ती फळी बदलावी लागेल.