बदलीची गावं आणि त्यांचं वय

शाळेच्या जनरल रजिस्टरात एक रकाना असतो : शाळा सोडण्याचे कारण. पैठणच्या आणि इंदापूरच्या शाळेत माझ्या नावापुढे त्या रकान्यात 'वडिलांची बदली' असं लिहिलंय. बार्शीला 'एस.एस.सी. उत्तीर्ण'. वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसीयर होते, त्यामुळे पहिली ते दहावी या तीन गावांत झाली. चाळीसएक वर्षांनी यंदा मे महिन्यात तिन्ही गावं ओळीने पाहून आलो.

अशा फेरीनंतर बहुतेक जण म्हणतात, "गाव ओळखू येत नाही हो." पहिल्या दिवशी मीही तेच म्हणालो. मग परतीच्या वाटेवर सनावळ्या जुळवायला लागलो आणि लक्षात आलं, की आपण ज्याला 'मूळचं गाव' म्हणतो, ते आपण तिथे राहायला गेलो तेव्हा जेमतेम पंधरा-वीस वर्षांचं होतं.

तालुक्याचं ठिकाण म्हणजे आधी मामलेदार कचेरी, मुन्सफ कोर्ट, पोलीस ठाणं, पोस्ट आणि आठवडी बाजार. बाहेरून येणारे सरकारी लोक मोजकेच. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, तेव्हा हे चित्र पालटलं. गटविकास अधिकारी, विस्तार अधिकारी, बांधकामाचे आणि पाटबंधाऱ्याचे उपविभाग, त्यांचे कारकून अशी माणसं तालुक्यात येऊन राहू लागली. वाड्यांतल्या दोन-दोन खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. वर्गात दर जूनला एक-दोन नवी मुलं दाखला घेऊन उभी राहायची. 'बदलीवाल्यांची मुलं' हा प्रकारच त्या काळातला.

पैठणमध्ये तर त्याआधीचाही एक थर होता. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत तो मुलूख निजामाचा. माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूत. आमच्या घरमालकांचे जमिनीचे जुने कागद उर्दूत होते आणि ते वाचून घ्यायला त्यांना गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे जावं लागे. म्हणजे मराठीतून मॅट्रिक होणं ही त्या गावात आमच्या आधीच्या एकाच पिढीची गोष्ट.

पश्चिम महाराष्ट्रात आणि विदर्भात मराठी शाळा काढण्याचं काम थोडं आधी सुरू झालं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था १९३२ची, अमरावतीची. बापूजी साळुंख्यांची स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था १९५४ची, कोल्हापूरची. अशा संस्थांमुळे हायस्कूल तालुक्यापर्यंत आलं. पण हायस्कूल आलं म्हणून मुलं आली, असं होत नाही. वाडीवस्तीवरचं मूल तिथवर पोचायला आणि तिथे टिकायला पाहिजे. ते एसटीने केलं, असं माझं ठाम मत आहे.

पहिली एसटी १ जून १९४८ला नगरहून पुण्याला धावली, तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं. सत्तरच्या दशकापर्यंत तिने आडगावं गाठली होती. इंदापूरला माझ्या वर्गातली तीन मुलं गावात खोली घेऊन राहायची. स्वयंपाक त्यांच्या आया चार-चार कोसांवरच्या गावी करायच्या. सकाळच्या गाडीला डबा द्यायचा, ड्रायव्हरने तो इंजिनाशेजारी ठेवायचा, स्टँडवर मुलाने येऊन घ्यायचा. पितळी डबा, त्याला जुन्या धोतराचं फडकं आणि फडक्याच्या गाठीत अडकवलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर नाव. दुपारी रिकामा डबा त्याच गाडीने परत. याचं कुणी तिकीट काढल्याचं मला आठवत नाही. गाडी चुकली तर डबा नाही, मग तो मुलगा आमच्याकडे जेवायचा. त्या डब्यांवर शिकलेली माणसं आज मोठमोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झाली आहेत. ज्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी ते डबे वाहिले, त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बार्शीचा इतिहास रुळांचा. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुणे-सोलापूर मार्ग या कापसाच्या पेठेपासून दूरवरून गेला. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे काढली. १८९७मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा एकवीस मैलांचा पहिला टप्पा सुरू झाला. कुर्डुवाडी स्टेशनचं तेव्हाचं नावच 'बार्शी रोड'. पुढे गाडी पंढरपूरला गेली, १९११ला लातूरला, १९२७ला मिरजेला. आम्ही राहिलो तेव्हा ती बार्शीकरांच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. इतकी हळू, की चढावर मुलं उतरून पुन्हा चढायची. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. मला त्या लहान डब्यांची आठवण येते, पण बार्शीकराने हळहळावं असं त्यात काही नाही; मोठी गाडी त्यांना शंभर वर्षं आधीच मिळायला हवी होती.

आमच्या घराला फिरवत ठेवलं ते धरणांनी. जायकवाडी हे नाव बीड जिल्ह्यातल्या गावाचं. धरण आधी तिथे व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली तरी नाव तेच राहिलं. लालबहादूर शास्त्रींनी ऑक्टोबर १९६५मध्ये पायाभरणी केली, फेब्रुवारी १९७६मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी आमची बदली झाली. पुढचं गाव इंदापूर, कारण भीमेवर उजनीचं काम चालू होतं. ते १९८०मध्ये पुरं झालं. आज इंदापुरात शिरताना दोन्ही अंगांना ऊसच ऊस दिसतो. मी पाहिलेल्या इंदापूरभोवती ज्वारी होती आणि १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या. खडी फोडायला गेलेल्या आयांची मुलं माझ्याच बाकावर बसत.

त्याच उजनीच्या पाण्याखाली भीमाकाठची गावं गेली. पाणी उतरलं की जुन्या पळसदेवच्या देवळाचं शिखर वर येतं. यंदा गेलो तेव्हा काठाचा गाळ तडकला होता आणि दोघं म्हातारे भाऊ आपलं घर कुठे होतं यावर वाद घालत होते. एक म्हणत होता चिंचेच्या अलीकडे, दुसरा म्हणत होता पलीकडे. चिंच तर कधीच गेलेली.

नंतरचे बदल भराभर आले. मार्च १९७५मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली, अकरावीचं मॅट्रिक मागे पडलं आणि तालुक्याच्या हायस्कुलांना ज्युनिअर कॉलेजं जोडली गेली. १९८२ला लातूर वेगळा जिल्हा झाला. राज्य झालं तेव्हा सव्वीस जिल्हे होते, आज छत्तीस आहेत. जिल्हा झालेलं गाव आणि तालुकाच राहिलेलं गाव यांच्या वाटा तिथून फुटल्या. नगरपालिकांची जकात १९९९ला बंद झाली आणि वेशीजवळचे नाके उठले.

बदल्या मात्र अजून होतात. बंद झालं ते बिऱ्हाड हलवणं. मोटारसायकली आल्या, रस्ते झाले, साहेब आणि कारकून जिल्ह्याच्या गावाहून अप-डाउन करू लागले. मुलांना चांगल्या शाळेतून काढायचं नाही, म्हणून कुटुंब एका जागी राहिलं. २०००च्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी इंग्रजी माध्यमाची ओढ काही थांबली नाही. पाटबंधारे वसाहतीतली आमची खोली मी बाहेरून पाहिली. दाराला कुलूप होतं आणि अंगणात वेडी बाभूळ वाढलेली.

इंदापूरच्या शाळेत रजिस्टर काढून देणाऱ्या लेखनिक बाई मोठ्या धीराच्या. कापडी पाठीचं जाड रजिस्टर, निळी-काळी शाई तपकिरी पडलेली. मी माझं नाव शोधत होतो, त्यांचं बोट वरच्या ओळीवर थांबलं. त्याच जूनमध्ये दाखल झालेला, भीमाकाठच्या गावाहून आलेला मुलगा. शाळा सोडण्याचे कारण : गाव धरणात गेले.