गाळा घेताय? टोकन देण्याआधी हे वाचा

नमस्कार. नागपुरात बर्डी, सदर, धरमपेठ, गोकुळपेठ, महाल, इतवारी, कुठंही दुकानासाठी जागा पाहून राहिले असाल तर हे पत्रक शेवटपर्यंत वाचा. आमच्याकडे बरेच ग्राहक फर्निचर झाल्यावर येतात, डिपॉझिट गेलेलं असतं, बोर्डही लागलेला असतो आणि मंग विचारतात की भाऊ, इथं रेस्टॉरंट चालते का. घरच्यांचे पैसे अडकलेले असतात हो, ऐकून जीव तुटतो. हे आधी विचारा, विचारायला काही लागत नाही.

रस्त्यावर शटर आहे म्हणजे आत कोणताही धंदा चालतो, असं नसते. पहिले शहराचा विकास आराखडा पाहायचा, म्हणजे डीपी. तुमचा प्लॉट रहिवासीमध्ये आहे, वाणिज्यमध्ये आहे की एखाद्या आरक्षणात, म्हणजे शाळा, बगीचा अशा सार्वजनिक कामासाठी राखीव आहे, ते मनपाच्या नगररचना विभागातून झोन दाखला काढला की कळते. आरक्षण निघालं तर तिथंच थांबा, मालक कितीही गोड बोलो. त्यानंतर पाहायची बांधकाम आणि जागेच्या वापराची एकीकृत नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि थोडे अपवाद सोडले तर राज्यभर आहे.

रहिवासी झोनमध्ये दुकान चालतच नाही असं पुष्कळ लोक धरून चालतात, तेही बरोबर नाही. तिथं रस्त्याच्या रुंदीवर सगळं ठरते. जुन्या दाट वस्तीत 9 मीटर आणि बाकी ठिकाणी 12 मीटर किंवा त्याहून रुंद रस्ता असला तर प्लॉट आर-2 मध्ये येतो आणि दुकानं, ऑफिस, बँक, खाण्यापिण्याची जागा अशा बऱ्याच गोष्टींना वाव मिळतो. त्यापेक्षा अरुंद रस्ता म्हणजे आर-1, तिथं मुख्य वापर राहण्याचाच, सोबत रोजच्या गरजेच्या लहान गोष्टी, किंवा तिथंच राहणाऱ्या डॉक्टर-वकिलाचं छोटं क्लिनिक-ऑफिस. ओपीडी चालेल पण पेशंट भरती करायचे म्हटलं की विषयच वेगळा होतो. धंतोलीत हॉस्पिटलं वाढली आणि पार्किंगचा प्रश्न हायकोर्टापर्यंत गेला हे आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे.

रुंदी मोजताना डीपीमधली प्रस्तावित रुंदीसुद्धा पाहा. कागदावर रस्ता रुंद म्हणून मोठा धंदा चालेल हे खरं, पण उद्या रुंदीकरण झालं तर तुमच्या गाळ्याचा पुढचा भाग जाईल का, हेही त्याच नकाशात दिसते. महालात केळीबाग रोडच्या वेळी काय झालं ते तिथल्या दुकानदारांना विचारा.

आता सगळ्यात जास्त फसवणूक कुठं होते ते सांगतो. मंजूर नकाशा. इमारतीच्या नकाशात खाली पार्किंग दाखवलेलं असते आणि जागेवर तीन शटर लागलेले असतात, मालक म्हणतो दहा वर्षांपासून चालू आहे, काही होत नाही. तसं नसते. 1966 च्या नगररचना कायद्यात वापर बदलणं हेसुद्धा विकासच धरतात, त्याला परवानगी लागते, आणि नसली तर कलम 53 ची नोटीस येऊ शकते. नोटीस मालकाच्या नावानं आली तरी दुकान तुमचं बंद होते. म्हणून नकाशाची झेरॉक्स हातात घेऊन स्वतः जागेवर उभं राहून जुळवा, तुमच्या गाळ्यावर ‘दुकान’ लिहिलं आहे का ते पाहा.

नागपुरात अजून एक भानगड असते, ती म्हणजे जमीन कोणाची. नासुप्रचा, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा, लीजचा प्लॉट असेल तर लीजमध्ये कोणता वापर लिहिला आहे, आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, असेल तर ते कशासाठी मिळालं, नझूलची, म्हणजे सरकारी, जागा असेल तर निवासी लीजवर दुकान चाललं आहे का, हे सगळं वाचूनच पुढं जा. अपार्टमेंटमध्ये गाळा असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन मागा, त्यात प्रत्येक युनिटचा वापर लिहिलेला असतो आणि बाकीचे फ्लॅटवाले त्यावरच बोट ठेवतात.

“पण माझ्याकडे गुमास्ता आहे ना!” हे रोज ऐकतो. गुमास्ता हा 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याचा, कामगार खात्याचा कागद आहे, जागेच्या वापराची परवानगी नाही. जीएसटी नंबर, महावितरणचं कमर्शियल मीटर, यांचंही तसंच. मनपा अनधिकृत बांधकामावरही टॅक्स लावते, तो भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही.

धंद्यानुसार थोडं. खाण्याचं काही असेल तर फूड लायसन्स आणि धुराची चिमणी कुठून काढणार ते आधी ठरवा, वरच्या मजल्यावर लोक राहतात. फायरची यंत्रणा लागणारी जागा असेल तर 2006 च्या कायद्यानं जानेवारी आणि जुलैमध्ये, वर्षातून दोनदा, फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो, हा खर्च भाड्याच्या हिशोबात धरा. पानठेला टाकायचा विचार असेल तर शाळा-कॉलेजपासून 100 यार्ड, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत तंबाखूचं काहीच विकता येत नाही, म्हणून जागा पक्की करण्याआधी अंतर मोजा. आणि बोर्ड मराठीत, देवनागरीत, बाकी भाषेच्या अक्षरापेक्षा लहान नको, दुकान केवढंही असो.

करारनामा लेखी आणि रजिस्टर झालेलाच पाहिजे, भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे. त्यात एक ओळ आम्ही आवर्जून टाकायला लावतो, की ठरलेल्या धंद्याला परवानगी नाकारली गेली तर डिपॉझिट पूर्ण परत. मालक ही ओळ टाकायला तयार नसेल तर का तयार नाही ते नीट विचारून घ्या.

आमच्याकडे येताना आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मंजूर नकाशा, लीज किंवा आरएलची प्रत आणि टॅक्स पावती आणा. काही नसेल तर निदान खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) आणि समोरच्या रस्त्याचा फोटो आणा, त्यावरून आम्ही पहिली तपासणी सुरू करतो.