पंखा हळू केला तरी वीज तेवढीच लागते?

वसतिगृहात हे हमखास ऐकू येतं: "पंखा एकवर ठेव नाहीतर पाचवर, मीटर तेवढंच फिरतं." हा समज हवेतून आलेला नाही. जुने डब्यासारखे रेग्युलेटर तारेचा रोध घालून पंख्याचा वेग कमी करत. पंख्याची वाचलेली बरीचशी वीज त्या तारेत उष्णता होऊन जायची, म्हणून तो डबा हाताला गरम लागे. तरीही एकूण वापर थोडा घटायचाच.

आताचे छोटे रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक किंवा कपॅसिटरवाले असतात. त्यांत फारसं काही वाया जात नाही. पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेणारा पंखा हळू फिरताना खरोखरच कमी वीज घेतो. पहाटे गारवा आला की वेग बिनधास्त उतरवा.

मोठी नासाडी होते ती रिकाम्या खोलीत. पंखा खोली थंड करत नाही, फक्त अंगावरचा घाम सुकवतो. माणूसच नसेल तर तो कोणासाठी फिरतोय? असा विसरलेला पंखा १० तासांत पाऊण युनिट खातो. आणि वसतिगृहात नवे पंखे बसणार असतील, तर रेक्टरांकडे बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या पंख्यांचा आग्रह जरूर धरा; ते पूर्ण वेगालाही ३० वॅटच्या आसपासच घेतात.